बंदूक राज्याची हद्द कशी ओलांडते

२००९ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने ग्लॉक १९ जातीचे पिस्तूल विकत घेतले. ते त्याला स्वतःसाठी नको होते. पेनसिल्व्हानियातल्या ईस्टन गावी राहणाऱ्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकाला ते हवे होते, आणि व्हर्जिनियातल्या त्या दुकानात पोलिसांना किमतीत सवलत मिळायची. नातेवाइकाने ४०० डॉलरचा चेक पाठवला. चेकवर कारण लिहायची जागा असते, तिथे सरळ ‘ग्लॉक १९ हँडगन’ असे लिहिले होते. लपवाछपवी काहीच नव्हती. माजी पोलीस पिस्तूल घेऊन ईस्टनला गेला, तिथल्या परवानाधारक दुकानदाराकडे दोघे हजर झाले, नातेवाइकाच्या पार्श्वभूमीची रीतसर चौकशी झाली, अर्ज भरला गेला आणि पिस्तूल त्याच्या हाती आले. दोघांपैकी कोणालाही बंदूक बाळगायला कायद्याची आडकाठी नव्हती. तरी माजी पोलिसावर खटला झाला आणि तो दोषी ठरला. २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अब्रॅम्स्की विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने शिक्षा कायम केली. पहिल्या दुकानातल्या अर्जावर ‘ही बंदूक तुम्ही खरोखर स्वतःसाठी घेत आहात का’ असा प्रश्न होता आणि त्याने ‘होय’वर खूण केली होती. सरकारच्या लेखी ती बेनामी खरेदी होती.

गंमत अशी, की या व्यवहाराचा दुसरा भाग निर्दोष होता. बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली ती कायद्याला अपेक्षित असलेल्या दारातूनच. हे दार कोणते, ते कोण उघडू शकतो आणि कोणाला उघडता येत नाही, हाच पुढच्या पानांचा विषय आहे. विषय कलमांचा असला तरी त्याचा खरा नायक वकील नाही, न्यायाधीश नाही, पोलीसही नाही. गावातला, चौकातला बंदूकवाला दुकानदार हाच त्याचा नायक.

मराठी वाचकाने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. आपल्याकडे शस्त्र परवाना म्हटले की तो बंदूक बाळगणाऱ्याचा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी तो देतात, तो राज्यापुरता चालतो की देशभर हे त्यावरच नमूद असते, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना बंदूक घेणाऱ्याला लागत नाही. तो लागतो विकणाऱ्याला. न्यू जर्सीसारखी काही राज्ये गिऱ्हाइकाकडूनही परवाना मागतात, पण तो त्या राज्यांचा कारभार. वॉशिंग्टनने सगळी भिस्त ठेवली आहे ती ‘फेडरल फायरआर्म्स लायसन्स’ म्हणजे एफएफएल भिंतीवर लावून बसलेल्या व्यापाऱ्यावर.

मूळ नियम सुटसुटीत आहे. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या परवाना नसलेल्या माणसाला बंदूक द्यायची नाही आणि त्याच्याकडून घ्यायचीही नाही. द्यायचीच असेल तर घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारकाकडे पाठवायची. तो चौकशी करून ती हवाली करील. परवानाधारकाने परवानाधारकाला पाठवायची असेल तर देशभर कुठेही पाठवावी.

हा नियम १९६८ चा. त्याआधी काय चालत असे ते डल्लासच्या एका टपाल पेटीवरून कळते. १९६३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाकडे एका मासिकातल्या जाहिरातीचे कुपन भरून आले. सोबत २१ डॉलर ४५ सेंटची पोस्टाची मनिऑर्डर होती : १९ डॉलर ९५ सेंट दुर्बिणीसकट इटालियन कार्कानो रायफलचे आणि दीड डॉलर पाठवणीचा खर्च. मागवणाऱ्याचे नाव ए. हायडेल आणि पत्ता डल्लासची पोस्ट बॉक्स क्रमांक २९१५. रायफल २० मार्चला रवाना झाली. हायडेल म्हणजे ली हार्वे ऑस्वाल्ड. आठ महिन्यांनी त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा खून झाला आणि त्याची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने ते कुपन, ती मनिऑर्डर आणि त्यांवरचे हस्ताक्षर यांचा माग काढला, तेव्हा साऱ्या देशाला कळले की खोट्या नावाने घरबसल्या रायफल मागवण्यात बेकायदा असे फारसे काही नव्हतेच. परवाने तेव्हाही होते; १९३८ च्या कायद्याने व्यापाऱ्याला वर्षाला एक डॉलर भरून परवाना मिळे. पण राज्याची हद्द ओलांडून थेट गिऱ्हाइकाच्या दारी माल पाठवायला कोणी हरकत घेत नव्हते.

कनेक्टिकटचे सेनेटर थॉमस डॉड यांनी टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीविरुद्धचे विधेयक केनेडींच्या खुनाआधी काही महिने मांडले होते. कनेक्टिकट म्हणजे कोल्टसारख्या नामांकित बंदूक कारखान्यांचे माहेरघर, हेही लक्षात ठेवण्याजोगे. विधेयक पाच वर्षे रखडले. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे काँग्रेस हलली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर सही केली आणि बंदुकीचा टपालधंदा गिऱ्हाइकापुरता बंद झाला. बंदुकांची नोंदणी व्हावी, प्रत्येक मालकाला परवाना असावा, हेही जॉन्सन यांना हवे होते. ते झाले नाही. जे झाले त्यात सगळी जबाबदारी दुकानदाराच्या खांद्यावर आली.

आता परवान्यांच्या प्रकारांकडे वळू. त्यांना क्रमांक आहेत : ०१ पासून ११ पर्यंत, मधले ०४ आणि ०५ आता वापरात नाहीत. सगळ्यांत नेहमीचा ०१, म्हणजे साधा बंदूक विक्रेता. दुरुस्ती करणारा कारागीरही याच प्रकारात. तीन वर्षांची फी २०० डॉलर, नूतनीकरणाला ९०. दुसऱ्या राज्यातून आलेली बंदूक गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याचे बहुतेक काम हीच मंडळी करतात, आणि त्यातले कित्येक तेवढ्यासाठीच दुकान थाटतात. ०२ हा गहाणवट घेणाऱ्या पेढीवाल्याचा. अमेरिकेत तारण म्हणून बंदूक ठेवणे ही रोजची गोष्ट. तिथला नियम असा, की आपलीच बंदूक पैसे भरून सोडवून नेतानाही मालकाला पुन्हा चौकशीतून जावे लागते. १९८१ मध्ये अध्यक्ष रीगन यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडल्या गेल्या, ते डल्लासच्या अशाच एका गहाणवटीच्या दुकानातून घेतलेले होते. त्या हल्ल्यात रीगन यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी जखमी झाले आणि आजच्या चौकशीच्या कायद्याला त्यांचेच नाव मिळाले.

०७ हा कारखानदाराचा आणि ०८ आयातदाराचा. या दोघांना विक्रेत्याचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. बंदुका बनवण्याची किंवा आणण्याची मुभा असली की त्या विकण्याची आणि हवाली करण्याचीही असते. म्हणून गल्लीत छोटे वर्कशॉप चालवणारा, नळ्या बसवून रायफली जुळवणारा ०७ वाला शेजाऱ्याचे बाहेरून आलेले पार्सल सहज घेतो. ०९, १० आणि ११ हे हातबॉम्ब, तोफगोळे अशा विध्वंसक अस्त्रांसाठी आहेत. फी ३,००० डॉलर, धारक मोजके. तेही साध्या बंदुका हाताळू शकतात, पण त्यांच्या दारी कोणी पिस्तूल मागवत नाही. ०६ वाला फक्त दारूगोळा बनवतो. बंदुकीच्या व्यवहारात त्याला स्थान नाही.

राहिला ०३, आणि गोंधळ सारा इथेच. हा संग्राहकाचा परवाना. फी तीन वर्षांना अवघी ३० डॉलर. ज्याच्याकडे तो आहे त्याला ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे जुनी, संग्रहमोलाची बंदूक देशातून कुठूनही थेट घरी मागवता येते. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली बंदूक सहसा या वर्गात बसते. पण मुभा तेवढ्यापुरतीच. नवे पिस्तूल त्याला इतरांसारखेच दुकानदाराकडून घ्यावे लागते. मित्रासाठी पार्सल स्वीकारता येत नाही. संग्रहातली वस्तू अधूनमधून विकली तर चालते, नफ्यासाठी खरेदी-विक्री सुरू केली की तो परवाना नसलेला व्यापारी ठरतो. ०३ म्हणजे स्वस्तातला ०१ असे समजून फसणारे कमी नाहीत. त्यात भर पडते ती ‘क्लास थ्री’ या बोलीतल्या नावाची. सायलेन्सर, मशीनगन यांच्या व्यापाऱ्याला एक विशेष कर भरावा लागतो, त्या कराचा तो वर्ग. त्याचा ०३ क्रमांकाच्या परवान्याशी काही संबंध नाही.

या संग्राहकाच्या सवलतीत इतिहासाचा एक टोमणा दडला आहे. ज्या कार्कानो रायफलीमुळे टपालाची विक्री बंद झाली, ती जात आता ऐंशी-नव्वद वर्षांची झाली आहे. तशीच दुसरी कार्कानो आज एखाद्या ०३ परवानाधारकाला राज्याच्या हद्दी ओलांडून, पुन्हा टपालाने, घरपोच मिळू शकते. फरक एवढाच की त्याने सरकारकडे अर्ज केलेला असतो आणि ‘हायडेल’ होऊन चालत नाही.

परवाना क्रमांकच इतका बोलका आहे की अनुभवी दुकानदार तो नजरेनेच वाचतो. सहा गटांत विभागलेली ती ओळ असते : आधी प्रदेश, जिल्हा आणि काउंटी यांचे आकडे, मग दोन अंकांत प्रकार, मग मुदतीची खूण, शेवटी पाच अंकी अनुक्रमांक. मुदतीच्या खुणेत वर्षाचा शेवटचा अंक आणि महिन्याचे एक अक्षर. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असे करत डिसेंबरला एम. मधला आय वगळलेला, बहुधा एकाच्या आकड्याशी घोळ होऊ नये म्हणून. माल पाठवणारा दुकानदार समोरच्याच्या परवान्याची सही केलेली प्रत मागवतो आणि पहिले तीन नि शेवटचे पाच अंक सरकारी संकेतस्थळावर घालून तो खरा आहे का ते ताडून पाहतो. चौथ्या गटात ०३ दिसला आणि पाठवायची वस्तू कोरी करकरीत असली, की पार्सल जागेवरच थांबते.

पार्सल पोचले की घेणाऱ्याच्या कामाला सुरुवात. पहिले काम चोपडीचे. आवक-जावक नोंदवायचे जे जाड रजिस्टर असते त्यात पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बंदूक चढवायची : बनवणारा, मॉडेल, अनुक्रमांक, प्रकार, नळीचे माप, कोणाकडून आली. मग गिऱ्हाइकाला फोन. तो येतो, ४४७३ क्रमांकाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरतो, सध्याचा पत्ता असलेले ओळखपत्र दाखवतो. दुकानदार एफबीआयच्या चौकशी यंत्रणेशी संपर्क साधतो किंवा काही राज्यांत राज्याच्या पोलिसांशी. १९९८ च्या ३० नोव्हेंबरपासून चालू असलेल्या या यंत्रणेचे मुख्य ठाणे वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला आहे. उत्तर तीनपैकी एक येते : पुढे चला, थांबा, नाही. ‘थांबा’ आले आणि तीन कामाचे दिवस उलटूनही निर्णय कळला नाही, तर केंद्राच्या कायद्याने दुकानदार सहसा बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचे बळी घेणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते याच फटीतून. द्यायचीच असे बंधन मात्र दुकानदारावर नाही, आणि पुष्कळजण देत नाहीत. शेवटी चोपडीत ‘जावक’ची नोंद पडते आणि दुकानदार आपली हमाली घेतो. ती किती घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे.

या चोपडीचे महत्त्व बाहेरच्या माणसाला पटकन जाणवत नाही. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची राष्ट्रीय नोंदणी करायला मनाई केली. त्यामुळे गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर आधी कारखाना, मग घाऊक व्यापारी, मग दुकानदार, मग त्याची चोपडी, मग ४४७३ चा अर्ज असा फोनवर फोन करत प्रवास करावा लागतो. दुकान बंद झाले की कागद वेस्ट व्हर्जिनियातल्याच मार्टिन्सबर्गच्या सरकारी केंद्रात जातात. तिथे इतकी खोकी साठली की वाहनतळावर मालवाहू कंटेनर उभे करावे लागले. कागदांची छायाचित्रे काढली जातात, पण मालकाच्या नावाने ती शोधता येऊ नयेत अशी कायद्याचीच तजवीज आहे. महासत्तेचे पोलीस एकेक पान डोळ्यांनी चाळतात. नोंद ठेवायला नकार देणाऱ्या सरकारने ती दुकानदाराकडून ठेवून घेतली, असेच याला म्हणावे लागेल.

दुकानदार किती असावेत, यावरही सरकारचे मत बदलत गेले. १९९२ मध्ये परवानाधारक सुमारे २,८४,००० होते. तीन वर्षांना ३० डॉलर भरून कोणीही परवाना काढे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून स्वतःसाठी घाऊक भावात बंदुका मागवी. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने फी २०० डॉलर केली, पुढच्या वर्षी बोटांचे ठसे आणि छायाचित्र सक्तीचे झाले, आणि काही वर्षांतच आकडा एक लाखाच्या आसपास आला. एवढी मोठी झाडाझडती कोणत्याही छाप्याने झाली नव्हती.

नियमाला अपवाद आहेत आणि ते विचित्र आहेत. टेक्ससमधल्या बापाने जिवंतपणी आपली रायफल ओहायोतल्या मुलाला भेट द्यायची म्हटली, तर ती ओहायोच्या दुकानदारामार्फत गेली पाहिजे. तीच रायफल मृत्युपत्राने दिली, तर मुलगा ती थेट घरी नेऊ शकतो. दुरुस्तीला पाठवलेली बंदूक कारागिराकडून मालकाकडे सरळ परत येते, मध्ये दुसरा दुकानदार नको. शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी तात्पुरती उसनी देता येते. आणि १९८६ पासून रायफल व शॉटगन यांना मोकळीक आहे : गिऱ्हाईक दुसऱ्या राज्याच्या दुकानात स्वतः हजर असेल आणि दोन्ही राज्यांचे कायदे पाळले जात असतील, तर तिथल्या तिथे व्यवहार होतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला ही सवलत नाही. ते गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या दुकानाकडेच जायला हवे.

त्यात राज्यांचे आपापले सोवळे. कॅलिफोर्नियाच्या दुकानदाराकडे माल पाठवण्याआधी बाहेरच्या दुकानदाराला त्या राज्याच्या न्याय खात्याकडून क्रमांक मिळवावा लागतो, आणि माल पोचल्यावर गिऱ्हाइकाला दहा दिवस थांबावे लागते. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. एडिसन-पिस्कॅटवेच्या मराठी घरांत हा विषय कधी निघाला तर आणखी एक पायरी आड येते. ग्रीन कार्ड असलेल्याला अर्जात आपला क्रमांक लिहून बंदूक घेता येते. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला मात्र केंद्राच्या कायद्यानेच मनाई आहे. ठळक अपवाद म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. न्यू जर्सीतून टेक्ससला बदली झाली की दुकानदाराच्या दृष्टीने ‘राज्य’ बदलते, आणि जुन्या पत्त्याचे ओळखपत्र चालत नाही.

ही सारी रचना किती अरुंद दारावर उभी आहे, ते राजधानी वॉशिंग्टनमध्येच उघडे पडले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराची हँडगनबंदी रद्द केली. घरात पिस्तूल ठेवायचा हक्क नागरिकांना मिळाला, पण शहरात पिस्तुलाचे दुकान नव्हते. मेरीलँड किंवा व्हर्जिनियातून घेतलेले पिस्तूल शहरातल्याच परवानाधारकाकडे यायला हवे, आणि सामान्य नागरिकांसाठी हे काम करणारा माणूस एकच होता. २०११ मध्ये त्याच्या जागेचा करार संपला आणि काही काळ राजधानीत एकही हँडगन कायदेशीरपणे बाहेरून येऊ शकेना. त्यावरून खटला झाला. शेवटी शहराने त्याला पोलीस मुख्यालयाच्या इमारतीतच जागा दिली. तिथे तो एका पिस्तुलामागे १२५ डॉलर घेऊन कागद पुरे करी.

याच खर्चावर बोट ठेवून २०१४ मध्ये वॉशिंग्टनचे एक जोडपे आणि टेक्ससचा एक दुकानदार न्यायालयात गेले. टेक्ससच्या काउंटरवर पैसे मोजून तिथेच पिस्तूल का मिळू नये, हा त्यांचा सवाल. २०१५ मध्ये टेक्ससच्या जिल्हा न्यायाधीशांनी हँडगनच्या राज्याबाहेरील विक्रीवरची ही बंदी घटनाबाह्य ठरवली. २०१८ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला : पन्नास राज्यांचे बदलते कायदे प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ असतील अशी अपेक्षा धरता येत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या राज्यातल्या दुकानदारानेच पिस्तूल हवाली करणे सयुक्तिक आहे, असा त्याचा रोख होता. पूर्ण पीठापुढे फेरसुनावणी घ्यायची की नाही यावर न्यायाधीश आठ विरुद्ध सात असे विभागले गेले आणि मागणी फेटाळली गेली. २०२० च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. त्याच वर्षी राजधानीतल्या त्या एकमेव दुकानदाराने काम थांबवले, आणि त्याच्या जागी वॉशिंग्टनच्या पोलीस खात्यानेच एफएफएल काढून बाहेरून येणारी पिस्तुले नागरिकांच्या हवाली करायला सुरुवात केली.